बाटलीतील स्मरणशक्ती

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्या समाजाने रूढ केली, त्या समाजात साठी गाठणारी माणसेच थोडी होती. जी गाठत, त्यांच्या विसरभोळेपणाकडे घरातील मंडळी कौतुकाने किंवा कंटाळून पाहत असत. त्यावर काही उपाय करावा, हे कोणाच्या मनातही येत नसे. आज परिस्थिती पालटली आहे. निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षे जगणे यात नवल राहिलेले नाही. मुले नोकरीनिमित्त दूरच्या शहरी किंवा परदेशी असतात. अशा घरात चष्मा कोठे ठेवला हे आठवेनासे झाले, ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडले, की निवृत्त गृहस्थाच्या पोटात गोळा येतो. त्या चष्म्याची किंवा त्या नावाची त्याला फारशी पर्वा नसते. उद्या आपल्याला कोणी सांभाळायचे, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न असतो.

या भीतीला नेमके हेरून एक बाजार उभा राहिला आहे. औषधांच्या दुकानात गल्ल्याजवळच, डोळ्यांत भरेल अशा ठिकाणी, ‘स्मरणशक्तीस साहाय्यक’, ‘मेंदूच्या आरोग्यासाठी’ अशी बिरुदे मिरवणाऱ्या बाटल्या मांडलेल्या असतात. दूरचित्रवाणीवर त्यांच्या जाहिराती चालतात. अमेरिकेहून सुटीवर येणारा मुलगा आईवडिलांसाठी बॅगेतून बदामांच्या पाकिटाबरोबर जिंकोच्या गोळ्यांची बाटलीही आणतो आणि ती देताना आपले एक कर्तव्य पार पडल्याचे समाधान मिळवतो. या बाटल्यांत खरोखर काय आहे, आणि त्या विकत घेण्याच्या भरात कोणती गोष्ट करावयाची राहून जाते, याचा विचार मात्र अभावानेच होतो.

भीती निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. देशातील वृद्धांच्या विस्तृत पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. ज्यांच्यापर्यंत या महागड्या बाटल्या पोचतच नाहीत, त्यांच्याच घरी हे दुखणे अधिक आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हा बाजार सर्वाधिक फोफावला तो अमेरिकेत. त्याची परीक्षाही तेथेच सर्वांत कसोशीने झाली, म्हणून तेथील अनुभव आधी पाहणे इष्ट ठरेल. जिंको बायलोबा या वृक्षाच्या पानांचा अर्क स्मृती टिकवतो, अशी ख्याती युरोपातही होती आणि अमेरिकेतही. ती तपासून पाहण्यासाठी ७५ वर्षे व त्यावरील वयाच्या ३,०६९ स्वयंसेवकांना दोन गटांत विभागून एका गटास रोज २४० मिलिग्रॅम अर्क व दुसऱ्यास तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी देण्यात आली आणि सरासरी सहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. २००८ साली निष्कर्ष जाहीर झाला. निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना स्मृतिभ्रंश जडला होता, तर जिंको घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता, म्हणून जिंकोने अपाय केला असे म्हणता येत नाही. उपाय केला असे मात्र मुळीच म्हणता येत नाही. पुढे २०१२ साली फ्रान्समधील अडीच हजारांहून अधिक वृद्धांवरील पाच वर्षांच्या चाचणीतूनही तेच निघाले. तरीही जिंकोची विक्री थांबलेली नाही. बाजाराची स्मरणशक्ती अशा वेळी सोयीस्करपणे दगा देते!

प्रिव्हेजेन नावाच्या गोळीची कथा याहून उद्बोधक आहे. जेलीफिशमध्ये प्रथम सापडलेल्या एका प्रथिनावर ही गोळी बेतलेली. तिच्या उत्पादकांनीच २१८ जणांवर घेतलेल्या चाचणीत सर्वांचा मिळून हिशेब केला असता गोळी आणि निष्प्रभ गोळी यांत लक्षणीय फरक आढळला नाही. मग त्याच आकड्यांचे तीसहून अधिक प्रकारे तुकडे पाडून पाहण्यात आले. काही तुकड्यांत थोडा अनुकूल फरक दिसला आणि ‘चाचणीने सिद्ध’ अशी जाहिरात झाली. नाणे पुरेशा वेळा उडवले की सलग पाच वेळा छापा पडलेला एखादा क्रम सापडतोच. तेवढाच दाखवून नाण्यात दैवी गुण असल्याचे सांगावे, असा हा प्रकार होय. अमेरिकेचा व्यापार आयोग आणि न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ता यांनी जानेवारी २०१७ मध्ये दावा लावला. तो अपिलातून फिरत फिरत ज्यूरीपुढे आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने स्मरणशक्ती सुधारण्याचे हे दावे करण्यास मनाई केली. म्हणजे एका दाव्याची तड लागण्यास जवळजवळ आठ वर्षे लागली आणि तेवढा काळ माल विकला जात होता. १९९४ साली अमेरिकेने केलेल्या कायद्याने पूरक आहाराला औषधासारखी पूर्वपरीक्षा माफ केली, त्याचे हे फळ आहे. विक्रेत्याने आधी सिद्ध करावयाचे नाही, सरकारने मागाहून खोटे पाडावयाचे, असा हा उफराटा न्याय आहे.

यावरून सर्वच पूरक गोळ्या व्यर्थ आहेत असा निवाडा देणे मात्र घाईचे होईल. साध्या, स्वस्त बहुजीवनसत्त्वाच्या गोळीविषयी अमेरिकेतच २०२२ ते २०२४ या काळात तीन जोडचाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साठीवरील पाच हजारांहून अधिक माणसांवरील या एकत्रित हिशेबात रोज गोळी घेणाऱ्यांची स्मृती थोडी बरी राहिल्याचे दिसले. संशोधकांच्या मोजमापाने हा फरक सुमारे दोन वर्षांच्या वार्धक्याइतका होतो. ही नोंद प्रामाणिकपणे करावयास हवी. त्याबरोबर हेही सांगावयास हवे की फरक परीक्षेतील गुणांचा होता, स्मृतिभ्रंश टळतो असे त्यातून सिद्ध झालेले नाही. आणि त्या चाचण्यांतील बहुसंख्य माणसे सुशिक्षित, गोऱ्या, सुस्थितीतील अमेरिकनांपैकी होती. त्याच चाचण्यांत कोकोच्या अर्काचा स्मृतीला एकूणात उपयोग झाला नाही, हे चॉकलेटच्या चाहत्यांना रुचणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेली मार्गदर्शक सूचना अद्याप विचारात घेण्याजोगी आहे: स्मृतिभ्रंशाचा धोका कमी व्हावा म्हणून ‘ब’ व ‘ई’ जीवनसत्त्वे, माशांच्या तेलातील मेदाम्ले किंवा संमिश्र पूरके यांची शिफारस करू नये.

आता स्वदेशाकडे वळता येईल. आपल्याकडे कायदा नाही असे नाही; उलट या बाबतीत तो अमेरिकेपेक्षा कडक आहे असे कागदावरून वाटते. औषधांसंबंधीच्या १९४५ च्या नियमांना ‘जे’ अनुसूची जोडलेली आहे. जे बरे करण्याचा किंवा घडवून आणण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, अशा गोष्टींची ती यादी होय. कर्करोग, मोतीबिंदू आणि टक्कल यांच्या पंक्तीला तेथे मेंदूची क्षमता व स्मरणशक्ती वाढविणे ही बाबही बसविलेली आहे. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा मेंदूच्या विकारांवरील औषधांच्या जाहिरातींना बंदी करतो. शहाण्या माणसांनी विचारपूर्वक घातलेली ही कुंपणे आहेत.

मग बाटल्या विकल्या जातात कशा? त्याचे उत्तर १९५४ च्या त्याच कायद्यातील औषधाच्या व्याख्येत आहे. शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेली कोणतीही वस्तू म्हणजे औषध, असे ती व्याख्या सांगते आणि मध्येच ‘अन्नाखेरीज’ असा शब्द घालते. १९५४ साली अन्न म्हणजे भाकरी, दूध, भाजी असा सरळ अर्थ होता. गोळीच्या रूपातील अन्न तेव्हा कायदेपंडितांच्या कल्पनेत आले नसावे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आणि त्याखालील २०१६ च्या विनियमांनी आरोग्यपूरके हा अन्नाचाच एक वर्ग मान्य केला. म्हणजे जो दावा औषध म्हणून करता येत नाही, त्याच्याशी सख्खे नाते सांगणारा दावा अन्न म्हणून करण्याची वाट मोकळी झाली. विनियम रोग बरा करण्याचा दावा करू देत नाहीत हे खरे. पण ‘साहाय्यक’, ‘पोषक’, ‘चैतन्यदायी’ हे शब्द रोगाचे नाव न घेताच आपले काम चोख बजावतात. वाचणाऱ्याच्या मनात रोगाचे नाव आधीच असते! दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एका हंगामाच्या जाहिरातींवर त्याहून अधिक खर्च करणाऱ्यास या दंडाचा धाक वाटेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

आयुर्वेदाच्या नावाने जे विकले जाते त्याची वाट निराळी आहे. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातीस पूर्वसंमती घ्यावी लागेल असा नियम २०१८ च्या अखेरीस करण्यात आला. २०२४ मध्ये केंद्र सरकारनेच तो काढून टाकला, सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली आणि २०२५ मध्ये ती स्थगितीही उठली. नियम करणारा हात आणि तो पुसणारा हात एकाच शरीराचे असावेत, हा आपल्या कारभाराचा जुना गुणविशेष आहे.

येथे ब्राह्मीचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण मराठी घरांत स्मरणशक्ती म्हटली की पहिली आठवण तिची होते. ब्राह्मीला हसण्याचे कारण नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तिच्यावर दीर्घकाळ काम झाले. ऑस्ट्रेलियात व इतरत्र झालेल्या छोट्या चाचण्यांत काही आठवड्यांच्या सेवनाने नवे शिकलेले ध्यानात राहण्यात किंचित सुधारणा दिसली, आणि काहींची पोटे बिघडली. परंतु या चाचण्या थोड्या माणसांवरच्या व थोड्या काळाच्या होत्या; जिंकोची जशी कसोटी झाली तशी ब्राह्मीची अद्याप झालेली नाही. शिवाय ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, याविषयीच एकमत नाही. कोठे पाणथळ जागी वाढणारी नीरब्राह्मी या नावाने विकली जाते, तर कोठे मंडूकपर्णी. चरकाने मेध्य रसायने म्हणून चार द्रव्ये सांगितली आहेत: मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी. ‘प्राचीन शास्त्रानुसार’ अशी ग्वाही देणाऱ्या जाहिरातदारांनी एवढे तरी उघडून पाहिले असते तर बरे झाले असते. त्याच चरकाने आचाररसायनही सांगितले आहे. त्यात क्रोध टाळणे, झोप आणि जागरण यांचे प्रमाण राखणे अशा गोष्टी येतात. ते रसायन बाटलीत भरता येत नसल्यामुळे त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

या सर्व गदारोळात जी गोष्ट दुर्लक्षिली जाते ती महाराष्ट्राच्या अगदी दाराशी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर, तेथील झोपडपट्टी आणि आसपासची खेडी येथील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले, आणि सर्वाधिक कमतरता निघाली ती शहरी मध्यमवर्गात. खाऊनपिऊन सुखी असलेल्या, दूधतूप खाणाऱ्या घरांत हे व्हावे याचे आश्चर्य वाटेल. पण हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते, दुधात थोडेच असते, आणि ते शोषून घेण्यास जठरातील आम्ल लागते. वयाबरोबर जठराचे अस्तर झिजते. त्यातच मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी आणि पित्तासाठी रोज सकाळी अनशापोटी घेतली जाणारी गोळी या दोन्ही ब-१२ चे शोषण कमी करतात. शाकाहारी, मधुमेही आणि पित्तप्रकृतीचा सत्तरीतला गृहस्थ! असे गृहस्थ सदाशिव पेठेत किंवा डोंबिवलीत शोधावे लागत नाहीत.

ब-१२ कमी पडले की प्रथम पायांना मुंग्या येतात, चाल डगमगते, चिडचिड वाढते आणि विसर पडू लागतो. घरचे म्हणतात, वय झाले. एका साध्या रक्ततपासणीने हे कळते, आणि वेळेवर कळले तर इंजेक्शनांनी किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी भरून काढता येते. फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची होते. स्मृती गेल्याच्या तक्रारीमागे असलेल्या कारणांपैकी जी थोडी कारणे पूर्णपणे दूर करता येतात, त्यांतले हे एक प्रमुख कारण. येथेच बाटलीचा धोका दिसून येतो. स्मरणशक्तीच्या पूरकांत ब-१२ बहुधा असते, पण निरोगी माणसाच्या रोजच्या गरजेच्या हिशेबाने, काही मायक्रोग्रॅम; ज्याचे जठर शोषणच करीत नाही त्याला ती मात्रा समुद्रात एक थेंब. त्याच गोळीतील फोलिक आम्ल मात्र रक्तातील पांडुरोगाचे लक्षण झाकून टाकू शकते आणि आत मज्जातंतूंची झीज चालू राहते. काहीतरी घेत आहोत या समाधानात तपासणीचे वर्ष निघून जाते.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्याच्या शरीरात ब-१२ पुरेसे आहे त्याने ते अधिक घेऊन स्मृती वाढत नाही. सुमारे २२,००० माणसांवरील अकरा चाचण्यांच्या २०१४ मधील एकत्रित अभ्यासात ‘ब’ जीवनसत्त्वांमुळे बुद्धीच्या उताराला आळा बसल्याचे दिसले नाही. ऑक्सफर्डमध्ये २०१० साली झालेल्या चाचणीत मेंदूचे आकुंचन मंदावलेले आढळले, ते मुख्यतः ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन वाढलेले होते अशांत. म्हणजे ज्याला उणीव आहे त्याच्यासाठी ते औषध, इतरांसाठी खर्च. कोणाला उणीव आहे हे बाटलीवरील जाहिरात सांगू शकत नाही, रक्त सांगते.

विसरण्याची इतरही सामान्य कारणे आहेत. थायरॉईडची मंदी, खिन्नता, अपुरी झोप, झोपेसाठी आणि सर्दी-खाजेसाठी घेतलेल्या काही गोळ्या, दोन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात डोक्याला लागलेला मार. ही सारी कारणे स्मृतीचे सोंग घेऊन येतात. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे मोजली आणि त्यांकडे लक्ष दिल्यास स्मृतिभ्रंशाची जवळजवळ ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज दिला. त्यांत रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, एकटेपणा यांबरोबर कमी ऐकू येणे आणि दृष्टिदोषावर उपचार न होणे यांनाही स्थान आहे. दरमहा दोन बाटल्या विनातक्रार आणणारे घर कानाच्या यंत्राचे नाव काढताच ‘या वयात आता काय करायचे यंत्र’ म्हणून हात आखडते. ज्याला ऐकूच आले नाही तो ते लक्षात कसे ठेवणार, हा साधा विचार त्या वेळी सुचत नाही.

मुलाने परदेशातून आणलेल्या जिंकोविषयी एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे किंवा ॲस्पिरिन घेणाऱ्या माणसाने जिंको घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. डॉक्टरने ‘आणखी काय घेता’ असे विचारले तर ते सांगितले जात नाही, कारण ते औषध नसून ‘नैसर्गिक’ आहे अशी समजूत असते. पुष्कळदा डॉक्टरही विचारीत नाहीत. रांगेत चाळीस रुग्ण असताना तेवढी उसंत कोणाला?

सरकारने करावयाच्या गोष्टी फार अवघड नाहीत. औषधाने जो दावा करू नये असे नियम सांगतो, तो अन्नाचे नाव लावूनही करू नये, एवढी दुरुस्ती केली तरी निम्मी बाजारपेठ आपोआप सरळ होईल. दावा आधी सिद्ध करा, मग जाहिरात करा, हा क्रम कायद्याने बसविला पाहिजे. अमेरिकेतील आठ वर्षांचा खटला येथे वीस वर्षे चालेल, यात शंका नको. दुसऱ्या बाजूने, विसराची तक्रार घेऊन येणाऱ्या साठीवरील प्रत्येकाची ब-१२, थायरॉईड, साखर, रक्तदाब आणि कानांची तपासणी ग्रामीण रुग्णालयात व्हावी, त्याच्या सर्व गोळ्यांची चिठ्ठी कोणीतरी एकदा नीट वाचावी, अशी व्यवस्था राज्याच्या आरोग्य विभागाने करावयास हवी. वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून कागदावर आहेच. त्याच्या चौकटीत हे बसू शकते. मुलांनाही बाटली पाठविण्याऐवजी सुटीतला एक दिवस आईवडिलांबरोबर दवाखान्यात घालवता येईल.

आणि तोवर निदान एक गोष्ट उद्यापासून करता येण्याजोगी आहे. आरोग्यपूरकाच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापणे विनियमांनी सक्तीचे केले आहे. ती सामान्यतः इंग्रजीत, बारीक टाइपात, बाटलीच्या पाठीमागे असते. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ती दिसत नाही, आणि दिसली तरी अनेकांना वाचता येत नाही. मोडनिंबच्या किंवा मालवणच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर ही सूचना मराठीत, बाटलीच्या दर्शनी बाजूस आणि मालाचे नाव ज्या आकाराच्या अक्षरांत छापतात त्याच आकारात छापावी, असा आग्रह अन्न व औषध प्रशासनाने केंद्रीय प्राधिकरणाकडे धरावयास काय हरकत आहे?